कुलगुरू कोणाचे?

एखाद्या विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपत आली, की प्राध्यापकांच्या खोलीत, संस्थाचालकांच्या बैठकीत आणि मंत्रालयाच्या आसपास एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जाऊ लागतो. 'आता कोणाचा माणूस येणार?' हा तो प्रश्न. 'कोण येणार?' असे फारसे कोणी विचारीत नाही. वृत्तपत्राच्या व्यवसायात शिरण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत व्याकरण शिकविले आहे. त्यामुळे विभक्तीतला हा फरक आमच्या कानाला खटकल्यावाचून राहत नाही. 'कोण' ही प्रथमा. तिच्यात माणसाची विद्वत्ता, त्याचे चारित्र्य आणि त्याने केलेले काम यांची चौकशी असते. 'कोणाचा' ही षष्ठी. तिच्यात केवळ मालकीची चौकशी असते. विद्यापीठाच्या सर्वोच्च पदाविषयीची जिज्ञासा जेथे प्रथमेकडून षष्ठीकडे सरकली, तेथे विद्येची प्रतिष्ठा कितपत उरली असेल, हे निराळे सांगावयास नको. विद्यापीठांचा कारभार हा सामान्यतः पहिल्या पानाचा विषय समजला जात नाही. आज आम्ही तो येथे घेतला आहे याचे कारण एवढेच की, या षष्ठीचे मोल अखेर ज्यांना चुकवावे लागते ती मुले आमच्या वाचकांच्याच घरातली आहेत.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचा २०१६ चा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्याने राज्यपालांना पदसिद्ध कुलपती केले आणि कुलगुरूंच्या निवडीसाठी मूळ तरतुदीत तिघांची शोध समिती सांगितली. तिचा अध्यक्ष कुलपतींनी नेमावयाचा. दुसरा सभासद म्हणजे राज्य सरकारचा प्रधान सचिवाच्या दर्जाचा अधिकारी. आणि तिसरा सभासद विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेने व विद्या परिषदेने मिळून सुचवावयाचा. या समितीने किमान पाच नावे पुढे करावीत आणि त्यांतून कुलपतींनी एकाची नेमणूक करावी, अशी ही योजना. विद्यापीठ अनुदान आयोगाचा प्रतिनिधीही समितीत असला पाहिजे, ही गोष्ट न्यायालयाच्या निर्णयांनंतर आणखी ठळक झाली. वाचकांनी या रचनेतली बेरीज स्वतःच करून पाहावी. राज्यपालांचा एक, सरकारचा एक, आयोगाचा एक आणि ज्या घरासाठी कारभारी निवडावयाचा त्या घराचा एक. घरच्या माणसाचे मत येथे चारांतील एक, आणि शेवटची निवड तर त्याच्या हातात मुळीच नाही.

ही व्यवस्था निर्दोष नव्हतीच. पण ती बदलण्याचा जो प्रयत्न झाला तो दोष काढण्यासाठी झाला, की दोषाची मालकी बदलण्यासाठी, हा प्रश्न आहे. २८ डिसेंबर २०२१ रोजी विधिमंडळाने विरोधकांच्या गदारोळात एक सुधारणा विधेयक संमत केले. त्या विधेयकाने उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांसाठी प्र-कुलपती हे नवे पद निर्माण केले. शोध समितीने सुचविलेली नावे आधी सरकारकडे यावीत, सरकारने त्यांतून दोन नावे कुलपतींकडे पाठवावीत आणि कुलपतींनी त्या दोहोंपैकी एकाची ३० दिवसांच्या आत नेमणूक करावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे चाळण आधी मंत्रालयाची आणि सही मागून राज्यपालांची. विधेयकाला मंजुरी मिळाली नाही. २०२२ च्या जूनअखेर राज्यात सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने त्याच वर्षी ते मागे घेतले. मंत्र्यांच्या हाती विद्यापीठे जात आहेत म्हणून जे विरोधी बाकांवरून आक्रोश करीत होते, ते आता सत्तेवर आले. आणि राज्यपालांच्या हातून विद्यापीठे सोडविली पाहिजेत असे जे म्हणत होते, ते विरोधी बाकांवर गेले. एकाच्या हाती असलेला दोर दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढ्यापुरतीच ही लढाई होती. दोर कापावा, असे दोहोंपैकी कोणीच म्हटले नाही.

हे केवळ महाराष्ट्रात घडले असते तर स्थानिक राजकारणाचा एक चमत्कार म्हणून त्याकडे पाहता आले असते. पण देशभर हेच चित्र दिसते. तामिळनाडूच्या विधानसभेने २०२२ साली कुलगुरूंच्या नेमणुकीचा अधिकार राज्यपालांकडून सरकारकडे घेणारी विधेयके संमत केली. त्याच वर्षी पश्चिम बंगालने राज्यपालांच्या जागी मुख्यमंत्र्यांनाच कुलपती करण्याचे विधेयक संमत केले आणि केरळनेही राज्यपालांना कुलपतिपदावरून दूर करण्याचे पाऊल उचलले. या राज्यांतील सत्ताधारी पक्ष आणि राज्यपाल नेमणारे केंद्र सरकार यांच्यात राजकीय वैर होते, हे वाचक जाणतातच. जेथे राज्यात आणि केंद्रात सत्ता एकाच पक्षाची असते, तेथे मात्र राज्यपालांच्या कुलपतिपदाविषयी कोणालाही तात्त्विक शंका येत नाही. तेथे तोडगा निराळा निघतो. गुजरातने २०२३ च्या सप्टेंबरात अकरा विद्यापीठांसाठी एकच कायदा केला आणि त्यांच्या जुन्या सिनेट व सिंडिकेट या सभा मोडीत काढून त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळे आणली. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही त्यातून सुटले नाही. ज्या गायकवाडी राज्याने मराठी माणसाला सक्तीच्या शिक्षणाचा आणि ग्रंथालय चळवळीचा धडा घालून दिला, त्याच्या राजधानीतल्या विद्यापीठाची ही कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये.

अशी भांडणे लागली की ती न्यायालयाच्या दारी जातात, आणि तेथील निर्णय वाचले म्हणजे रोग किती खोल गेला आहे ते कळते. गुजरातमधील सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक आयोगाच्या नियमांविरुद्ध असल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये रद्द केली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केरळच्या तंत्रविद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक रद्द झाली, कारण समितीने नावांची यादी देण्याऐवजी एकच नाव कुलपतींपुढे ठेवले होते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची पुनर्नियुक्ती रद्द करताना न्यायालयाने, कुलपतींनी हा निर्णय स्वतःच्या बुद्धीने न घेता सरकारच्या दडपणाखाली घेतला, असा निष्कर्ष काढला. पश्चिम बंगालमध्ये तर राज्यपाल आणि सरकार यांचे एकमतच होईना. तेव्हा जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखाली कुलगुरूंच्या निवडीसाठी समिती नेमावी लागली. विद्यापीठांचे कुलगुरू कोणी निवडावेत याची तजवीज करण्याची वेळ देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर यावी, याहून अधिक नामुष्कीची गोष्ट ती कोणती?

तिकडे केंद्राचेही या प्रकरणात हात गुंतलेले नाहीत असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातील शोध समितीत कुलपतींचा प्रतिनिधी, आयोगाच्या अध्यक्षांचा प्रतिनिधी आणि विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा प्रतिनिधी असे तिघेच होते. राज्य सरकारला त्यात स्थान नव्हते. राज्यपाल केंद्राने नेमलेले आणि आयोगही केंद्राचा. तेव्हा तिघांपैकी दोघे कोणत्या दिशेने पाहतील, हे समजण्यासाठी राज्यशास्त्राची पदवी लागत नाही. अनेक राज्यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि तो रास्तच होता. परंतु त्या आवाजात 'आमची विद्यापीठे' हे शब्द ज्या सुरात उच्चारले गेले, तो सूर वडिलांचा नव्हता, मालकाचा होता.

आमच्या मते या सगळ्या वादात एक पक्षकार सदैव गैरहजर असतो, आणि तो म्हणजे स्वतः विद्यापीठ. राज्यपालांच्या हाती कुलगुरूंची निवड राहिली म्हणजे विद्यापीठ स्वायत्त झाले, हा एका बाजूचा दावा; लोकनियुक्त सरकारच्या हाती ती आली म्हणजे विद्यापीठ लोकांचे झाले, हा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही दावे सारखेच फोल आहेत. कुलपतिपद राज्यपालांना घटनेने दिलेले नाही. ते प्रत्येक राज्याच्या विद्यापीठ कायद्याने दिले आहे. राज्यपालांवर असली घटनाबाह्य कामे लादू नयेत, असे केंद्र-राज्य संबंधांचा विचार करणाऱ्या पूंछी आयोगाने २०१० साली सुचविले होते. पण राज्यपालांना बाजूस सारून त्या आसनावर मंत्र्यांनी बसावे, असा त्याचा अर्थ होत नाही. आसन रिकामे करणे आणि त्यावर स्वतः बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हा वारसा आपल्याला इंग्रजांकडून मिळाला, हे विसरून चालणार नाही. १८५७ साली मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा गव्हर्नर हाच त्याचा कुलपती झाला आणि कुलगुरू नेमण्याचा अधिकारही गव्हर्नर व त्याच्या कौन्सिलकडे राहिला. पुढे सिनेटमध्ये हिंदी पुढाऱ्यांचा आवाज वाढू लागला, तेव्हा लॉर्ड कर्झनने १९०४ चा कायदा आणला. त्या कायद्याने मुंबईसारख्या जुन्या विद्यापीठांच्या फेलोंची संख्या जास्तीत जास्त शंभर ठरविली आणि त्यांतील निवडून येणाऱ्यांसाठी अवघ्या वीस जागा ठेवल्या. गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात या विधेयकाला कसून विरोध केला. सुधारणेच्या नावाखाली विद्यापीठे सरकारी खाती बनविली जात आहेत, हा त्या विरोधाचा गाभा होता. आज विद्यापीठाच्या सभांमधील नियुक्त आणि निर्वाचित सभासदांचे प्रमाण मोजीत बसले, की कर्झनसाहेबांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पण त्याच परक्या राजवटीत एक गोष्ट घडली, ती आजच्या स्वकीय राजवटीत घडेल की नाही याची आम्हाला शंका आहे. १९२३ साली कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांना बंगालचे गव्हर्नर आणि कुलपती लॉर्ड लिटन यांनी मुदतवाढ देऊ केली. मात्र सरकारशी विरोध सोडून सहकार्य करावे, अशी अट तिच्यासोबत घातली. आशुतोषांनी गव्हर्नरांना खरमरीत उत्तर धाडले आणि ती मुदतवाढ नाकारली. ते पद त्यांना सरकारनेच दिले होते. पण पद देणारा आणि पदाचे कर्तव्य ठरविणारा हे दोन नव्हेत, याची त्यांना जाण होती. आमच्याकडेही कुलगुरूंची परंपरा लहान नाही. १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झालेले न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग, त्यांच्यामागून आलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर त्या खुर्चीत बसलेले पांडुरंग वामन काणे; आणि पुण्यास नव्या विद्यापीठाचा पाया घालणारे डॉ. मुकुंदराव जयकर व त्यांच्यामागून आलेले रँग्लर परांजपे. यांपैकी कोणी ती खुर्ची मिळाल्यामुळे मोठा झाला असे म्हणण्याचे धाडस कोण करील? खुर्ची गेली तर आपले काय राहील, ही चिंता त्यांना नव्हती, कारण खुर्चीबाहेर त्यांचे पुष्कळ काही होते. आज निवडीची रीतच अशी झाली आहे की, ज्याचे खुर्चीबाहेर काही नाही त्यालाच ती मिळविण्याची घाई अधिक. आणि ज्याने ती खटपटीने मिळविली, तो खाल्ल्या मिठाला जागल्याशिवाय राहत नाही.

स्वतंत्र भारताला या प्रश्नाचे उत्तर माहीत नव्हते असेही नाही. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ सालीच सांगून ठेवले की, उच्च शिक्षणाला पैसा पुरविणे हे राज्याचे कर्तव्य असले, तरी पैसा पुरविणे म्हणजे शैक्षणिक धोरणावर ताबा मिळविणे नव्हे. कुलगुरूंचे नाव विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळानेच कुलपतींकडे पाठवावे. कुलपतींना ते फेरविचारासाठी परत पाठविता यावे, पण स्वतःहून दुसरे नाव पुढे करता येऊ नये, असे त्या आयोगाचे म्हणणे होते. पाऊणशे वर्षांपूर्वीची ही शिफारस आजच्या कोणत्याही विधेयकापेक्षा धीट आहे. तिच्याकडे पाठ फिरविण्यात मात्र सर्व पक्षांचे आश्चर्यकारक एकमत झालेले दिसते.

आता हे भांडण वरच्या मजल्यावरचे आहे, खालच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे त्यात काय जाते, असे कोणी विचारील. त्याला आम्ही आपल्याच दोन विद्यापीठांकडे बोट दाखवितो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत मे २०२२ मध्ये संपली आणि मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंची त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. दोन्ही विद्यापीठांना पूर्णवेळ कुलगुरू मिळाले ते जून २०२३ मध्ये. पुणे वर्षाहून अधिक काळ आणि मुंबई सुमारे नऊ महिने प्रभारी कुलगुरूंवर चालले. आणि हे प्रभारी म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचे कुलगुरू, ज्यांच्या शिरावर आपल्या घरचा भार होताच. कुलगुरूंची मुदत संपण्याची तारीख त्यांच्या नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असते. जी तारीख पाच वर्षे आधी कळलेली आहे, तिची तयारी ज्या व्यवस्थेला वेळेवर करता येत नाही, ती व्यवस्था विद्यार्थ्याने अर्ज एक दिवस उशिरा भरला म्हणून त्याच्याकडून विलंब शुल्क कोणत्या तोंडाने घेते? प्रभारी माणूस कितीही भला असला तरी तो पाच वर्षांचा विचार करू शकत नाही. तो अध्यापकांची भरती, नवे विभाग, परीक्षांची फेररचना असले काम अंगावर घेत नाही. तो फक्त सह्या करतो. आणि ज्यांना विद्यापीठात केवळ सह्याच हव्या असतात, त्यांना प्रभारी कुलगुरू मुळीच अडचणीचा वाटत नाही.

दुसरे उदाहरण याहून कडू आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून सर्व परीक्षांना लागू केली. लाखो उत्तरपत्रिकांचा निकाल रखडला. परदेशी प्रवेश, नोकऱ्या, पुढील शिक्षण यांच्या वाटेवर उभी असलेली मुले गुणपत्रिकेसाठी ताटकळत राहिली. अखेर ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. जबाबदारी निश्चित झाली, हे योग्यच. पण नुकसान होऊन गेल्यानंतरच्या शिक्षेने रखडलेला निकाल वेळेवर लागत नाही. तो निर्णय घेतला जात असतानाच 'यंत्रणा कोठे आहे, प्राध्यापकांना शिक्षण दिले काय, एखाद्या विषयावर आधी प्रयोग करून पाहिला काय?' असे कोणीतरी भर सभेत विचारावयास हवे होते. असे विचारण्याची जागा म्हणजे अधिसभा. आणि त्या काळात नव्या कायद्याखाली निवडून आलेली अधिसभा अस्तित्वातच नव्हती. पदवीधरांच्या निवडणुका झाल्या त्या २०१८ साली. ज्या घरात प्रश्न विचारणारे कोणी नाही, त्या घरात चुका मोठ्या होतात, हा धडा तेव्हाच शिकावयास हवा होता.

तो शिकला गेला नाही. २०१८ साली निवडून आलेल्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. ऑगस्ट २०२३ मध्ये पदवीधरांच्या निवडणुकीचा जाहीर झालेला कार्यक्रम स्थगित झाला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाला अवघे दोन दिवस उरले असताना सरकारच्या आदेशावरून ती निवडणूक पुन्हा थांबविण्यात आली. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला तेव्हा कोठे २४ सप्टेंबरला मतदान झाले. दहा जागांची ती निवडणूक! दहा पदवीधर अधिसभेत बसले तर राज्याचा डोलारा कोसळणार होता काय? पण ज्यांना विद्यापीठ सरकारी खात्यासारखे चालवावयाचे आहे, त्यांना दहा माणसांचीही भीती वाटते. कारण खात्यात प्रश्न वरून खाली विचारले जातात आणि अधिसभेत ते खालून वर विचारले जातात.

नेमणुका आणि निवडणुका यांच्या जोडीला तिसरा दोर आहे तो पैशाचा. अनुदानित महाविद्यालयांतील अध्यापकांचे पगार सरकार देते, म्हणून रिक्त जागा भरण्यासाठीही सरकारचीच परवानगी लागते. ती वर्षानुवर्षे मिळाली नाही तर वर्ग तासिका तत्त्वावरच्या तरुण अध्यापकांवर चालतात. ज्या माणसाची नोकरी पुढच्या सत्रापर्यंतही निश्चित नाही, त्याने विद्या परिषदेत उभे राहून कुलगुरूंना विरोध करावा अशी अपेक्षा कोणी करीत असेल, तर त्याने पोट हातावर असलेल्या माणसाचे जिणे पाहिलेले नाही. स्वायत्ततेचा घात नेहमी आदेशाने होतो असे नाही. पुष्कळदा तो नुसत्या न भरलेल्या जागांनी होतो.

आमच्यावर एक आक्षेप येईल हे आम्ही जाणतो आणि त्याला बगल देण्याची आमची इच्छा नाही. विद्यापीठांना स्वतःच्या हाती कारभार दिला तेव्हा त्यांनी काय दिवे लावले, असे विचारले जाईल. हा प्रश्न अगदीच निराधार नाही. अधिसभांच्या निवडणुकांत गट आणि पॅनेले यांनी घातलेला धुडगूस, अभ्यासमंडळांतून चाललेली देवाणघेवाण, संस्थाचालकांनी आपल्या महाविद्यालयांच्या संलग्नतेसाठी चालविलेले दबाव, हे सारे आम्ही जवळून पाहिले आहे आणि याच स्तंभातून त्यावर कोरडे ओढले आहेत. विद्वानांच्या हाती सत्ता दिली म्हणजे रामराज्य येते, असला भाबडेपणा आमच्या अंगी नाही. सरकार जनतेचा पैसा देते. तो कसा खर्च झाला हे विचारण्याचा, हिशेब तपासण्याचा आणि गैरव्यवहार झाला तर चौकशी करण्याचा त्याला पुरेपूर अधिकार आहे. पण घरात भांडणे होतात म्हणून शेजाऱ्याला घराच्या किल्ल्या कोणी देत नाही. गटबाजीवर उपाय उघडा कारभार हा आहे. मंत्रालयाने आपला गट आणून बसविणे हा नव्हे. शिवाय विद्यापीठातला गट पुढच्या निवडणुकीत हरू शकतो. सरकारचा गट मात्र सरकार बदलेपर्यंत हरत नाही, आणि सरकार बदलले की पुष्कळदा नुसता पक्ष बदलतो.

मग करावे काय? आमची मागणी फार मोठी नाही आणि ती नवीही नाही. शोध समितीत विद्या परिषदेने व व्यवस्थापन परिषदेने सुचविलेल्या, पण त्या विद्यापीठाशी संबंध नसलेल्या विद्वानांचे बहुमत असावे. दिल्ली विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत तिघांपैकी दोघे कार्यकारी परिषदेने सुचविलेले असत, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सेवेत असलेला कोणताही सरकारी अधिकारी त्या समितीत असू नये. ज्याची बदली सरकारच्या हाती आहे, त्याने सरकारचे मन ओळखू नये अशी अपेक्षा करणे त्याच्यावरच अन्याय करणारे आहे. समितीने निवडलेली नावे आणि ती निवडण्याची कारणे प्रसिद्ध व्हावीत. जे नाव उघड सांगता येत नाही, ते कुलगुरूंच्या नावांत असूच नये. मुदत संपण्यापूर्वी निवड पुरी झाली नाही, तर त्या विलंबाचा लेखी जाब विधिमंडळापुढे द्यावा लागावा. कुलगुरूंना दूर करावयाचे झाल्यास न्यायाधीशाच्या चौकशीवाचून ते करता येऊ नये. अधिसभेच्या निवडणुका पुढे ढकलण्याचा अधिकार सरकारला असूच नये. आणि अनुदान हे मागावे लागणारे दान न राहता, ठरावीक वर्षांसाठी आधीच ठरलेला विद्यापीठाचा हक्क व्हावा. कुलपती राज्यपाल असोत की एखादा वयोवृद्ध विद्वान. त्यांनी पदवीदानाचे झगे घालावेत, उपदेश करावा आणि फार तर एखादे नाव फेरविचारासाठी परत पाठवावे. याहून अधिक त्यांच्याकडून अपेक्षा नाही.

हे कोणतेही सरकार आपण होऊन करील, अशी आशा आम्ही बाळगीत नाही. हाती आलेला अधिकार सोडणे हे राजकारणाच्या शाळेत शिकविले जात नाही. म्हणून अखेरचे चार शब्द आम्हाला वाचकांना उद्देशून लिहावयाचे आहेत, आणि ते थोडे कठोर लागले तर त्यांनी राग मानू नये. पदवीधरांच्या मतदारसंघात नाव नोंदविण्याचा अधिकार आपल्यापैकी बहुतेकांना आहे. या महानगरात पदवीधर लाखांनी मोजावेत इतके आहेत; पण २०२४ च्या निवडणुकीतील मतदारांची यादी काही हजारांच्या घरातच राहिली. पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावणारे आपण, ते देणाऱ्या संस्थेच्या कारभाराकडे ढुंकूनही पाहत नाही. मुलाचा निकाल लांबला की आपण चडफडतो, मूल परदेशी शिकावयास निघाले की त्याच्या शुल्काची तजवीज करतो, आणि येथल्या विद्यापीठाचे काही खरे नाही, असे सुस्कारा टाकून म्हणतो. आपण सोडून दिलेल्या जागेवर कोणीतरी येऊन बसणारच. आयत्या बिळावर नागोबा, या म्हणीचा अर्थ दुसरा काय आहे? कुलगुरू 'कोणाचे' हा प्रश्न मंत्रालयात आणि राज्यपालांच्या निवासस्थानी विचारला जातो याचे मुख्य कारण, तो पदवीधरांच्या घरात विचारला जात नाही, हे आहे.

नव्या नेमणुका होतच राहतील. मुदती संपतील, समित्या बसतील, नावांची कुजबूज सुरू होईल. तेव्हा आमच्या वाचकांनी निदान प्रश्न तरी शुद्ध विचारावा. कोणाचा माणूस येणार, असे कानाशी लागून कोणी विचारले तर त्याला उलट विचारावे की, बाबा रे, कोण येणार आहे? त्याने काय लिहिले, काय शिकविले, कोणते काम उभे केले, आणि प्रसंग आला तेव्हा कोणाला नाही म्हटले? हे प्रश्न पुष्कळांच्या तोंडून आणि वारंवार निघू लागले, की षष्ठीचे राज्य डळमळू लागेल. व्याकरणाच्या तासाला आम्ही मुलांना सांगत असू की, कर्ता सापडल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही. आपल्या विद्यापीठांच्या वाक्यात आज कर्ताच हरवला आहे. तो शोधून त्याच्या जागी बसविणे हे काम सरकारचे नाही आणि राज्यपालांचेही नाही. ते विद्यापीठाचे आहे, म्हणजेच तुमचेआमचे आहे.